थेरपिस्टचं पत्र, मांजर आणि भाड्याचं घर: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगच्या लीझिंग ऑफिसात मी एक कागद टेबलावर ठेवला. समोरच्या बाईंनी तो उचलला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "ज्यांनी हे लिहिलंय त्या तुम्हाला कधी भेटल्या?" मी म्हटलं, भेटल्या नाहीत, ऑनलाइन फॉर्म भरला होता. "त्यांचं लायसन्स न्यू जर्सीचं आहे?" तेही मला ठाऊक नव्हतं. बाईंनी कागद शांतपणे माझ्याकडे परत सरकवला.

त्या कागदाला मी १४९ डॉलर मोजले होते. वीसेक प्रश्नांचा फॉर्म, तासाभरात पीडीएफ, वर चिंगीचा फोटो असलेलं ओळखपत्र आणि सोनेरी शिक्क्याचं 'नोंदणी प्रमाणपत्र'. चिंगी म्हणजे माझं मांजर. फोटो तेवढा छान आला होता.

नंतर खरं पत्र मिळालं, पण त्याला अडीच महिने लागले. तेव्हापासून दर ऑगस्टमध्ये, म्हणजे नवी पोरं शिकायला येतात आणि जुन्यांची लीझ संपते तेव्हा, मला कुणा ना कुणाचा फोन येतो: "ताई, ते ईएसए लेटर कुठून घेतलंस?" फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगते ते इथे सलग लिहून ठेवते.

हे पत्र नेमकं कशाचं

ईएसए म्हणजे इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल, मानसिक त्रासात ज्याच्या सोबतीने माणसाला आधार मिळतो असा प्राणी. त्याला कसलंही प्रशिक्षण लागत नाही. तो घरात असतो, एवढंच त्याचं काम. सर्व्हिस डॉग निराळा. तो माणसाच्या अपंगत्वाशी निगडित एखादं ठरावीक काम शिकलेला असतो: पॅनिक अटॅक येताना मांडीवर भार देऊन बसणं, औषधाची वेळ झाली की नाकाने ढोसणं, दिसत नसलेल्याला रस्ता ओलांडून देणं. पाळीव प्राणी म्हणजे पेट, तो तिसरा. घरात तिन्ही सारखेच लाडके असतात, कायद्यात मात्र तिघांचे कप्पे वेगळे.

ईएसएला आधार आहे तो फेअर हाउसिंग अ‍ॅक्टचा. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली एप्रिल १९६८ मध्ये, आणि त्यानंतर आठवड्याभरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी या कायद्यावर सही केली. घर देताना वंश, धर्म वगैरे पाहून भेदभाव करायचा नाही, असा तो कायदा. १९८८ च्या दुरुस्तीत त्यात अपंगत्व आलं आणि त्याबरोबर 'रीझनेबल अकोमोडेशन' हा शब्दप्रयोगही आला. अर्थ सरळ आहे. अपंगत्व असलेल्या माणसाला इतरांसारखं घरात राहता यावं म्हणून घरमालकाने आपल्या नियमात वाजवी सवलत द्यायची. 'नो पेट्स' हा नियम आणि ईएसए ही त्यातली सवलत. त्या सवलतीची गरज आहे, हे तुम्हाला ओळखणाऱ्या तज्ज्ञाने लिहून दिलेलं असतं. ईएसए लेटर म्हणतात ते हेच.

म्हणजे पत्र घरापुरतं. ते कुठे चालत नाही, हे आधीच सांगते, कारण निम्मे गैरसमज तिथले आहेत.

विमानात चालत नाही. पूर्वी चालायचं. मग लोक मोर आणि डुकराची पिल्लं घेऊन विमानतळावर यायला लागले, आणि केंद्राच्या वाहतूक खात्याने नियम बदलला. ११ जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांवर ईएसए मोफत नेण्याचं बंधन राहिलेलं नाही. आता ईएसए साध्या पेटसारखा, पैसे भरून, पिंजऱ्यात. दुकानात, हॉटेलात पत्र दाखवून उपयोग नाही. तिथे एडीए हा अपंगांच्या हक्कांचा १९९० चा कायदा लागतो आणि तो फक्त प्रशिक्षित कुत्र्याला ओळखतो (शिकवलेल्या छोट्या घोड्याचीही त्यात सोय आहे, पण इथल्या एडिसन गावात आपल्या दुकानांनी भरलेल्या ओक ट्री रोडवर मला अजून एकही दिसलेला नाही). ऑफिसात प्राणी न्यायचा असेल तर एचआरकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

आणि सरकारी नोंदणी नावाची भानगड अस्तित्वातच नाही. ईएसएची राष्ट्रीय यादी नाही, प्रमाणपत्र नाही, जाकीट नाही. हे विकणाऱ्या साइट्स पुष्कळ आहेत. माझे १४९ डॉलर त्यांतल्याच एकीकडे आहेत.

पहिली पायरी: आपल्याला हे खरंच हवंय का

इथे थोडं रोखठोक बोलते. बऱ्याच बिल्डिंगांत प्राणी चालतात, फक्त पैसे मागतात: सुरुवातीला दोन-चारशे डॉलर आणि दर महिन्याला तीस-पन्नास 'पेट रेंट'. तुमची तक्रार तेवढीच असेल तर ते पैसे भरा आणि सुखाने राहा. महिन्याचे ४० वाचवायला खोटं दुखणं सांगितलंत तर खऱ्या गरजूंचं पत्र उद्या कुणी वाचणार नाही. फ्लोरिडात २०२० पासून ईएसएसाठी खोटी कागदपत्रं देणं हा गुन्हा आहे, त्यात ३० तास समाजसेवाही करावी लागते.

कायद्यातलं अपंगत्व म्हणजे शारीरिक किंवा मानसिक अवस्था, जिच्यामुळे जगण्यातली एखादी मोठी क्रिया बऱ्याच प्रमाणात अडते. झोप, खाणं, लक्ष लागणं, माणसांत मिसळणं, काम करणं. नैराश्य, चिंतेचा विकार, पॅनिक डिसऑर्डर, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) हे सगळं त्यात येऊ शकतं. घरची आठवण येणं एवढ्याने येत नाही. पण घरच्या आठवणीपासून सुरू होऊन चार महिने माणूस बिछान्यातून उठत नसेल, तर ती आठवण राहिलेली नाही, आणि ते तज्ज्ञानेच बघायला हवं.

'अपंगत्व' या शब्दापाशी आपली माणसं हमखास अडतात. मीही अडले होते. सांगलीला आईला काय सांगायचं, हा पहिला विचार. हा शब्द कायद्याच्या उपयोगापुरता आहे, तो तुमच्या कपाळावर लागत नाही. घरमालकाला आजाराचं नाव सांगावं लागत नाही, आणि आईला तर मी अजून सांगितलेलं नाही.

दुसरी भीती व्हिसाची. एच-वन-बी असो की विद्यार्थी व्हिसा, थेरपिस्टकडे जाणं बेकायदा नाही आणि त्याच्या नोंदी तुमच्या एचआरकडे जात नाहीत. इन्शुरन्सने पैसे भरलेत तर निदानाचा कोड इन्शुरन्स कंपनीला कळतो, हे मात्र खरं. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत मानसिक आजाराचा विषय निघतो, पण त्यांचा रोख आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल अशा वर्तनावर असतो, नुसत्या निदानावर नाही. तिथे विचारलं तर खरं सांगायचं. तुमच्या बाबतीत काही गुंता असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, मित्राच्या मित्राला नको.

दुसरी पायरी: माणूस शोधणं

पत्र कोण लिहू शकतं? तुमच्या राज्याचं लायसन्स असलेला आणि तुमच्यावर उपचार करणारा तज्ज्ञ: सायकॉलॉजिस्ट, सायकिअ‍ॅट्रिस्ट, क्लिनिकल सोशल वर्कर (त्यांच्या नावापुढे एलसीएसडब्ल्यू असतं), लायसन्स्ड काउन्सेलर, फॅमिली थेरपिस्ट, नर्स प्रॅक्टिशनर. तुमचा नेहमीचा डॉक्टर, म्हणजे प्रायमरी केअरवालाही लिहू शकतो. वर्षभर तोच तुम्हाला झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या देत असेल तर सुरुवात तिथूनच करा, सोपं पडेल. पुण्यातल्या तुमच्या जुन्या डॉक्टरांनी कितीही आपुलकीने लिहून दिलं तरी इथे ते सहसा चालवून घेत नाहीत, कारण त्यांचं लायसन्स इथलं नाही.

शोधताना इन्शुरन्सच्या साइटवर 'इन-नेटवर्क' (तुमच्या इन्शुरन्सशी करार असलेले) आणि 'बिहेविअरल हेल्थ' (मानसिक आरोग्य) अशी चाळणी लावा. इन-नेटवर्कमध्ये कोपे, म्हणजे दर भेटीची ठरलेली रक्कम, भरून भागतं, पण डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्स सुरू होण्याआधी वर्षाला आपण भरायची रक्कम, पुरं झालेलं नसेल तर पहिली काही बिलं अंगावर येतात, हे आधी फोन करून विचारा. इन्शुरन्सशिवाय एका सेशनचे शंभर-दोनशे डॉलर सहज जातात. कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये उत्पन्नानुसार फी कमी करून मिळते, त्याला 'स्लायडिंग स्केल' म्हणतात. नोकरीत ईएपी नावाची, कंपनीतर्फे कर्मचाऱ्यांना समुपदेशन देणारी सोय असेल तर काही सेशन फुकट मिळतात. बोलायला ती चांगली, पण पत्र तिथून बहुतेक मिळत नाही, कारण त्यांचं काम थोडक्या भेटींपुरतं असतं. कॉलेजच्या काउन्सेलिंग सेंटरचंही बरेचदा तेच. तिथे पत्र न लिहिण्याचं धोरणच असतं.

भाषेचीही चाळणी लावता येते. मराठी बोलणारा थेरपिस्ट सापडणं नशिबाचा भाग, हिंदी बोलणारे बरेच सापडतात. मला सापडलेल्या बाई अमेरिकनच होत्या. 'सासूरवास' समजावून सांगण्यात माझी पंधरा मिनिटं आणि कोपेचा अर्धा भाग गेला, पण त्याने काही बिघडलं नाही. उलट त्या ओळखीपाळखीतल्या नाहीत याचंच बरं वाटलं. न्यू जर्सीत मराठी माणसाचा मराठी माणसाशी दोन फोनांत धागा लागतो.

नाव सापडलं की लायसन्स तपासा. प्रत्येक राज्याची साइट असते. न्यू जर्सीत 'डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्स', टेक्ससमध्ये 'बिहेविअरल हेल्थ एक्झिक्युटिव्ह कौन्सिल'. नाव टाकलं की लायसन्स चालू आहे की नाही ते फुकटात दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते पत्र विकत घ्यायच्या आधी केलं असतं तर हा लेख बराच छोटा झाला असता.

व्हिडिओवरची थेरपी चालते का? चालते, माझी निम्मी सेशन्स व्हिडिओवरच झाली. प्रश्न माध्यमाचा नाही, त्या माणसाने तुम्हाला खरोखर तपासलंय का हा आहे.

तिसरी पायरी: पत्राचं कधी बोलायचं

पहिल्या फोनवरच विचारा, पण मागू नका. "तुम्ही तुमच्या पेशंटना गरज वाटल्यास ईएसएचं पत्र देता का?" एवढंच. नाही म्हणाले तर चार महिन्यांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. "मला पत्र हवंय, किती सेशन लागतील?" असं विचारलंत तर पलीकडे सावध होतात आणि ते बरोबरच आहे.

काही थेरपिस्ट तत्त्व म्हणून लिहीत नाहीत. त्यामागे कारण आहे. उपचार करणारा माणूस तुमच्या बाजूचा असतो. पत्र लिहिणाऱ्याला मात्र तटस्थपणे ठरवावं लागतं की अपंगत्व आहे का आणि या प्राण्याने ते हलकं होतं का. या दोन भूमिका एकाच माणसाने करू नयेत, असं त्यांना वाटतं. रागावू नका. थेरपी त्यांच्याकडे चालू ठेवून पत्रासाठी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे किंवा प्रायमरी केअरकडे जाता येतं.

राज्याचा नियमही पाहा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून कुत्र्यासाठी पत्र देण्याआधी थेरपिस्टशी किमान ३० दिवसांचं नातं हवं. आर्कान्सा, आयोवा, लुइझियाना आणि मोंटानातही ३० दिवसांचा नियम आहे. तिथे राहून कुणी 'आज पत्र' म्हणत असेल तर तो तुम्हाला रद्दी विकतोय.

आता माझं कसं झालं ते सांगते. नवीन घर 'नो पेट्स' होतं म्हणून चिंगी एडिसनला मैत्रिणीकडे ठेवली होती, शनिवार-रविवार मी तिकडे जायचे. तिसऱ्या सेशनला थेरपिस्ट बाईंनी विचारलं, "मांजर जवळ असताना नेमकं काय वेगळं होतं?" मी म्हटलं, बरं वाटतं. त्या म्हणाल्या, "बरं सगळ्यांनाच वाटतं." आणि तीन आठवडे झोपेची नोंद ठेवायला सांगितली. किती वाजता आडवी झाले, किती वाजता जाग आली, काय झालं, परत झोप कधी लागली.

ती वही अजून आहे माझ्याकडे. मंगळवार: "२.१० ला जाग. छातीत धडधड. उठून दिवा लावला. ५ पर्यंत जागी. सकाळची मीटिंग चुकली." बुधवार: "२.४०. तेच." शनिवार, एडिसन: "२.३० ला जाग. चिंगी पोटाशी. तिच्या घुरघुरीवर श्वास मोजला. ३ च्या आत झोप." तीन आठवड्यांत एडिसनच्या सहा रात्री आणि जर्सी सिटीच्या पंधरा. वही मिटून बाई म्हणाल्या, आता मला लिहिता येईल.

म्हणून माझा सल्ला, पत्र हवं असो वा नसो, नोंद ठेवा. मोबाइलमध्ये ठेवली तरी चालेल. "मला एकटं वाटतं" यातून थेरपिस्टला फार काही लिहिता येत नाही. "कुत्र्याला फिरवायला न्यावं लागतं म्हणून मी रोज खाली उतरते, तो नसताना नऊ दिवस उतरले नव्हते," यातून येतं. आणि प्राणी अजून आणलेलाच नसेल तरी पत्र मिळू शकतं. मग थेरपिस्ट पूर्वीच्या अनुभवावरून आणि तुमच्या लक्षणांवरून ठरवतात.

पत्रात काय असतं

माझं पत्र एक पान आहे, तेही पुरतं भरलेलं नाही. वर थेरपिस्टच्या प्रॅक्टिसचं नाव-पत्ता, तारीख. मग माझं पूर्ण नाव, पासपोर्टवर आहे तसं. ही व्यक्ती अमुक महिन्यापासून माझ्या उपचाराखाली आहे. तिला कायद्याच्या व्याख्येतलं अपंगत्व आहे आणि त्यामुळे तिच्या झोपेवर व कामावर बराच परिणाम होतो. घरात मांजर असल्याने ती लक्षणं कमी होतात, म्हणून राहत्या घरात एक मांजर ठेवू देण्याची मी शिफारस करते. खाली सही, लायसन्सचा प्रकार, नंबर, राज्य, फोन. संपलं.

आजाराचं नाव नाही, गोळ्यांची नावं नाहीत. थेरपिस्टने उत्साहाने निदान लिहिलंच तर काढून टाकायला सांगा. उलट 'हिला मांजर आवडतं, मांजरामुळे ती आनंदी राहते' एवढंच असेल तर ते पत्र कमी पडतं. त्रास काय अडवतो आणि प्राण्याने त्यात काय फरक पडतो, या दोन गोष्टी आणि त्यांमधला दुवा पत्रात दिसायलाच हवा. प्राणी दोन असतील तर दोघांची गरज वेगवेगळी सांगावी लागते. मांजर, कुत्रा, ससा, छोटा पक्षी, हॅम्स्टर, मासे, कासव ही घरात पाळायची नेहमीची मंडळी. घोरपड पाळायची असेल तर खूप जास्त समजावावं लागेल, आणि खरं सांगायचं तर मलाही समजावा.

पत्राची फी काही जण घेतात, काही सेशनमध्येच धरतात. आधी विचारा.

चौथी पायरी: घरमालकाला देणं

ईमेलने द्या. तोंडी मागणीही कायद्याने चालते, पण लेखी असलं की तारीख राहते. चार ओळी पुरेत: मी अमुक युनिटमध्ये राहते, मला अपंगत्व आहे, फेअर हाउसिंग अ‍ॅक्टखाली रीझनेबल अकोमोडेशन म्हणून एक ईएसए मांजर ठेवण्याची परवानगी मागत आहे, सोबत पत्र जोडलं आहे, कृपया लेखी उत्तर द्यावं. विनवणी नको, धमकीही नको. लीझवर सही करण्याआधी, नंतर, मध्येच, कधीही मागता येतं. आधी प्राणी आणून मग पत्र मागायला धावणं कायद्याने अशक्य नसलं तरी त्यात तुमची बाजू लंगडी पडते आणि मधल्या काळात नोटिसा येतात.

परवानगी मिळाली की पेट डिपॉझिट, पेट फी, पेट रेंट यांतलं काही लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो पेट नाही. 'पिटबुल चालणार नाही' किंवा '२५ पौंडांच्या वर नाही' असे सरसकट नियमही लागत नाहीत. पण तो विशिष्ट कुत्रा कुणाला चावलाय असं असेल तर नकार मिळू शकतो. कार्पेट फाडलं, दरवाजा ओरबाडला, तर भरपाई तुमच्या डिपॉझिटमधून, जशी इतर कुठल्याही नुकसानीची. लसीकरणाचे कागद द्यावे लागतात. कुत्रा असेल तर न्यू जर्सीत गावच्या म्युनिसिपालिटीचं लायसन्सही काढावं लागतं, ईएसए असला तरी.

त्यांनी काय विचारावं? पत्र लिहिणारा खरा आहे का, लायसन्स आहे का, हे ते पडताळू शकतात. निदान काय, गोळ्या कोणत्या, फाइल दाखवा, हे विचारायचा हक्क त्यांना नाही. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने, म्हणजे हडने, जानेवारी २०२० मध्ये याबद्दल सविस्तर सूचना काढल्या होत्या. दहा दिवसांत उत्तर द्यावं, नुसत्या विकतच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर भरवसा ठेवता येत नाही, असं त्यात होतं. अशा सूचना सरकार बदललं की मागे घेतल्या जातात, त्यामुळे ईमेलमध्ये सूचनांचे दाखले देत बसू नका. दाखला मूळ कायद्याचा द्या.

मला चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्याच बाई, तोच चष्मा. या वेळी त्यांनी थेरपिस्टना फोन केला, मी लेखी संमती दिली होती म्हणून तिकडून 'हो, पत्र माझंच' एवढं सांगितलं गेलं, आणि विषय संपला.

नकार आला तर लेखी कारण मागा. हडकडे एक वर्षाच्या आत तक्रार करता येते, ती फुकट असते आणि त्यासाठी वकील लागत नाही. कोर्टात जायला दोन वर्षांची मुदत. तक्रार करताना तुम्ही नागरिक आहात की व्हिसावर, याने फरक पडत नाही.

जिथे हा कायदा पोचत नाही

हे आपल्या लोकांसाठी फार लागू आहे, कारण नवे आलेले बरेच जण बिल्डिंगमध्ये नाही, कुणाच्या तरी घरात राहतात. मालक स्वतः राहतो अशा चार किंवा कमी युनिटांच्या घराला केंद्राच्या कायद्यातून सूट आहे. राज्याचे कायदे कधी जास्त कडक असतात. न्यू जर्सीत ही सूट जवळपास दोन कुटुंबांच्या घरापुरती, किंवा मालक राहत्या घरातली खोली भाड्याने देतो तेवढ्यापुरती आहे. म्हणजे एडिसनला एखाद्या काकांच्या बेसमेंटमध्ये तुम्ही राहत असाल तर त्यांच्यापुढे कायदा वाचून काही होणार नाही. तिथे काकूंना विचारा. मांजराचे केस पडतील, वास येईल, या त्यांच्या काळजीवर उत्तर घेऊन जा. लिटर बॉक्स रोज साफ करीन, सोडताना कार्पेट धुवून देईन. माझ्या एका मैत्रिणीचं असंच जमलं, पत्राशिवाय.

रूममेट असतील तर त्यांना आधी सांगा. कुणाला दम्याचा त्रास असतो, कुणाला भीती वाटते. पत्र घरमालकाचं तोंड बंद करतं, रूममेटचं नाही.

विद्यार्थ्यांसाठी

कॉलेजच्या डॉर्मला, म्हणजे वसतिगृहालाही हा कायदा लागतो का, यावर नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी इथल्या शाखेचा खटला झाला. एका विद्यार्थिनीला छोटा पिन्शर कुत्रा जवळ ठेवायचा होता. विद्यापीठाच्या अपार्टमेंटलाही फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट लागू होतो, असं कोर्टाने २०१३ मध्ये म्हटलं, आणि २०१५ मध्ये विद्यापीठाने १,४०,००० डॉलर देऊन तडजोड केली. त्यामुळे आता बहुतेक ठिकाणी ठरलेली पद्धत आहे. वॉर्डनकडे जायचं नाही, डिसेबिलिटी सर्व्हिसेसच्या ऑफिसात जायचं. त्यांचा फॉर्म थेरपिस्टकडून भरून घ्यायचा. मुदती लवकर असतात, ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या फॉल सेमिस्टरसाठी कधी मे-जूनमध्येच. भारतातून ऑगस्टमध्ये येणाऱ्याला हे सगळं त्याच महिन्यात जमणं कठीणच, तेव्हा पहिलं सेमिस्टर सोडून द्या आणि जानेवारीतल्या स्प्रिंग सेमिस्टरची तयारी करा. मधल्या काळात त्रास वाढला, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं, तर ९८८ हा मदतीचा नंबर चोवीस तास चालू असतो. तिथे फोन करायला पत्रही लागत नाही, इन्शुरन्सही नाही.

भारतातून कुत्रा आणायचा असेल तर

ईएसए पत्राने इथे काडीचा फरक पडत नाही. रेबीजच्या दृष्टीने भारत जास्त धोक्याच्या देशांत मोडतो. १ ऑगस्ट २०२४ पासून सीडीसीचे, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचे नियम कडक झालेत: कुत्रा किमान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप आधी आणि मग रेबीजची लस, लसीचा अंमल झाल्याची रक्ततपासणी, सीडीसीचा फॉर्म, आणि ठरावीक विमानतळांवरच उतरणं. कुत्र्याची तयारी तुमच्या व्हिसाच्या तयारीबरोबरच सुरू करा, तिकीट काढल्यावर नाही.

आणि उलट दिशेचं: पुण्या-मुंबईतून फोन करून "आमच्या सोसायटीला दाखवायला असं लेटर मिळेल का" असं विचारणारेही असतात. भारतात या पत्रामागे कायदा नाही, तिथे त्याचे पैसे घेणाऱ्याला देऊ नका. तशी गरजही नाही. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच परिपत्रक काढून सांगितलंय की सोसायटीला सरसकट ठराव करून पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. सेक्रेटरींच्या हातात त्याची प्रत द्या.

पत्र जुनं झालं की

पत्राला कायद्याने ठरलेली मुदत नाही, पण घरमालक साधारण वर्षाच्या आतलं मागतात. लीझ नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी थेरपिस्टना सांगून ठेवा. तोवर थेरपी थांबली असेल तर एक-दोन सेशन घ्यावी लागतील, कारण वर्षभर न पाहिलेल्या माणसाबद्दल कुणी लिहीत नाही.

राज्य बदललं तर मात्र जवळपास पहिल्यापासून सुरुवात. जर्सी सिटीहून डॅलसला निघालात तर तुमच्या इथल्या थेरपिस्टना टेक्ससचं लायसन्स असेलच असं नाही, आणि नसेल तर त्यांना तिथे तुमच्यावर उपचारच करता येत नाहीत. निघायच्या महिनाभर आधी तिकडचा थेरपिस्ट शोधा, जुन्या बाईंकडून उपचाराचा गोषवारा तुमच्या सहीने तिकडे पाठवायला सांगा, आणि नवं पत्र मिळेपर्यंत जुनंच दाखवायचं असेल तर नव्या घराच्या लीझवर सही करताना ते अजून ताजं आहे ना, तेवढं तारखेवरून बघून घ्या.